आरामातली रेघ

"बसू दे तिला तिथंच. ती बसली की आवाज येत नाय."

सासूबाई हे स्वयंपाकघरात माझ्या नवऱ्याला, इंद्रजीतला म्हणाल्या, आणि ते मी ऐकावं म्हणून नव्हतं. मी एक्स्टेंशन बोर्ड शोधत पॅसेजमध्ये आले होते. लग्नाला महिना होत आला होता. माहेराहून आलेला माझा कॉम्प्युटर मागच्या खोलीत मांडून झाला होता, फक्त वायर भिंतीतल्या सॉकेटपर्यंत पोचत नव्हती. मी थोडी मागं सरकले, उगाच खोकले आणि मग आत जाऊन बोर्ड मागितला. सासूबाईंनी लगेच दिला, जणू हातातच होता.

कसला आवाज, हे विचारायला हवं होतं. पण नव्या सुनेनं असं विचारायचं म्हणजे आधी चोरून ऐकल्याचं कबूल करायचं. कूलरचा असेल, असं मी धरून चालले. मागच्या खोलीतला कूलर खडखडायचा खरा.

माझं काम काय, हे मी या घरात बऱ्याचदा समजावलं आणि मग सोडून दिलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका कोपऱ्यात घड्याळ असतं. काही हौशी माणसं त्याच्या शेजारी आपल्या यंत्राची खबरबातही लावून ठेवतात: प्रोसेसर किती राबतोय, मेमरी किती भरली, आत किती तापलंय. ते काटे, त्या तबकड्या, ते रंग कसे दिसावेत हे मी ठरवते. कुणाला विमानाच्या कॉकपिटसारखं हवं असतं, कुणाला जुन्या पितळी घड्याळासारखं. एका बाईंना सगळे आकडे भरतकामाच्या टाक्यांत हवे होते. मी आधी कागदावर काळ्या पेनानं काटा काढते, त्याचा फोटो घेते आणि मग पडद्यावर त्याला जीव देते. लग्नात इंद्रजीतच्या एका मावशीनं विचारलं, "म्हणजे घड्याळाचं दुकान हाय का तुझं? सेल बी टाकून देती का?" मी हो म्हणाले. ते सोपं होतं.

घर पडेगावात, गल्लीच्या शेवटाला. मागं मोकळे प्लॉट, बाभळी, आणि त्यापलीकडं दौलताबाद रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांची घरघर. माझं माहेर मुकुंदवाडीचं, स्टेशनच्या मागं. तिथं गाडी गेली की मांडणीतली भांडी वाजायची आणि कुणाची झोप मोडायची नाही. इथं दुपारी इतकं शांत असायचं की वाळ्याच्या ताट्यावरून पाणी ओघळलेलं ऐकू यायचं. मागच्या खोलीला ओल्या वाळ्याचा वास होता. त्याखाली डेटॉलचा. आणि त्याच्याही खाली एक गोडसर, शिळा वास, जो फरशी कितीदा पुसली तरी दुपारी परत यायचा.

त्या खोलीत माझे सासरे वारले होते. ते माझ्यापासून लपवून ठेवलेलं नव्हतं. राजकुमार सर. सगळं घर, अगदी सासूबाईसुद्धा, त्यांना सरच म्हणायचं. फुलंब्रीच्या शाळेत विज्ञान शिकवत, रोज जाऊन येऊन. नारळातून जाळ काढणारे, लिंबातून रक्त काढणारे बाबा लोक गावात आले की सर पोरांना घेऊन तेच प्रयोग शाळेच्या ओट्यावर करून दाखवायचे. आमचं लग्न विहारात झालं तेव्हा निम्मे पाहुणे त्यांचीच आठवण काढत होते. टेबल कोणत्या दिशेला ठेवू, असं मी सहज विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "कुठं बी ठेव. आपल्यात असलं काही मानत नाहीत."

मी टेबल खिडकीकडं ठेवलं. फरशीवर पलंगाच्या पायांचे डाग होते. तेवढीच जागा सपाट होती.

एप्रिल सरत आला तसं पाहुणेरावळे इंद्रजीतला म्हणू लागले, लग्न मानवलंय तुला. खरंच होतं. त्याचे गाल भरले होते, रात्री तो लहान मुलासारखा झोपायचा. सासूबाईंच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंही उतरली होती. ती बहुधा माझ्याकडं आली होती. सकाळी आरशात पाहिलं की वाटायचं, या घरात आले तेव्हा मी एवढी दमलेली नव्हते. कामं काही फार नव्हती. स्वयंपाक सासूबाईच करायच्या. "तू जा, तुझं काम कर," म्हणायच्या. चहाचा कप आणून खोलीच्या उंबऱ्यावर ठेवायच्या आणि हाक मारायच्या. इंद्रजीतही चार्जर हवा असेल तर दारातूनच मागायचा. मला तो माझ्या कामाचा मान वाटला होता.

त्याच सुमाराला एका परदेशी गिऱ्हाइकाची मागणी आली. त्याला दवाखान्यातल्या मॉनिटरसारखी थीम हवी होती. काळा पडदा, वर साधं घड्याळ, खाली उजवीकडून डावीकडं सरकणारी हिरवी रेघ. रेघेमागं मी प्रोसेसरवरचा ताण जोडला. यंत्र राबलं की रेघ उसळणार, निवांत असलं की बसणार. काम मनासारखं झालं.

थीम झाली की मी ती तीनदा तपासते. आधी यंत्राला जड काम देऊन घामाघूम करायचं. मग रोजचं साधं काम. आणि शेवटी आराम. सगळं बंद करायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि नुसतं बघायचं. बंद केलं तरी यंत्र आतून काही ना काही करतच असतं, म्हणून रेघ अगदी सपाट होत नाही. खडी सांडल्यासारखे बारीक ठिपके उडत राहतात, वाटेल तसे. आरामातली रेघ अशीच दिसायला हवी.

ही तशी दिसली नाही.

आधी एक लहान उंचवटा आला. मग जरा मोठा. त्याहून मोठा. मग पुन्हा लहान लहान होत रेघ खाली आली आणि सपाट झाली. पार सपाट, खडीचा दाणासुद्धा नाही. ती इतका वेळ तशी राहिली की मी पडदा अडकला म्हणून माउस हलवायला गेले. तेवढ्यात पुन्हा लहानसा उंचवटा.

अपडेट चालू असेल म्हणून इंटरनेट काढलं. तेच. दवाखान्याची थीम काढून माझी जुनी पितळी तबकडी लावली. काटा तसाच चढत चढत गेला, उतरला आणि पडून राहिला. भरतकामाचे टाके लावले. टाके भरत गेले, उसवत आले, थांबले. मग एके दुपारी मी कॅबिनेट, पडदा, सगळं उचलून हॉलमध्ये नेलं आणि जेवणाच्या टेबलावर जोडलं. तिथं रेघ शहाण्यासारखी होती, बारीक बारीक खडी. मी सुटकेचा श्वास सोडते आहे तोच सासूबाई आतून लगबगीनं आल्या.

"इथं कशाला आणलंस गं?"

"तिथं लाईटचा काहीतरी प्रॉब्लेम वाटतोय, आई."

त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. पॅसेजच्या टोकाला, मागच्या खोलीच्या दाराकडं बघत होत्या, मान जरा कलती करून, दूध उतू जातंय का हे कानांनी पाहावं तसं.

"इथं येणंजाणं असतं. तिथंच बरं," त्या म्हणाल्या. कीबोर्ड स्वतः उचलून उंबऱ्यापर्यंत घेऊन आल्या आणि तिथून माझ्या हातात दिला.

रात्री इंद्रजीतला सांगितलं. तो म्हणाला, "व्होल्टेज असंल. इलेक्ट्रिशियनला बोलावतो." बोलावला नाही.

ज्या दिवशी सासूबाई खोलीत आल्या, त्या दिवशी माझ्या कानांवर हेडफोन होते. हॉलमध्ये राहिलेल्या माझ्या मोबाइलवर माझ्या आईचा फोन आला होता, तो उचलून सासूबाई उंबऱ्यावरून हाका मारून थकल्या असतील. खांद्यावर हात पडला तशी मी दचकून हेडफोन काढले आणि वळले. फोन त्यांच्या दुसऱ्या हातात होता, पण त्या तो देत नव्हत्या. पडद्याकडं बघत होत्या. दवाखान्याचीच थीम लावलेली होती.

सासूबाई सिस्टर होत्या. सगळी नोकरी वॉर्डात गेलेली. अशा पडद्यांकडं बघण्याची त्यांची नजर वेगळी होती, मी ती पहिल्यांदाच पाहिली. चेहरा एकदम कामाचा झाला.

"ही कुणाची?"

"माझ्या कॉम्प्युटरची, आई. कामाचा ताण दाखवते."

त्यांनी ऐकलं नाही. उजव्या हाताची बोटं आपोआप डाव्या मनगटावर गेली, जिथं घड्याळ असायचं. रेघ चढत गेली. उतरली. सपाट झाली.

"थांबला," त्या पुटपुटल्या. मग बराच वेळ गेला. कूलर खडखडत होता. "येईल आता... येईल..."

आला.

त्या खाली फरशीवर बसल्या. पदरानं तोंड पुसलं. माझ्या आईनं हॅलो हॅलो करून फोन ठेवून दिला.

"शेवटी शेवटी असाच चालतो," त्या म्हणाल्या. "श्वास. चढतो, उतरतो, थांबतो. वाटतं संपलं. मग परत येतो. वॉर्डात लई बघितले असले पेशंट. सरांचा पण असाच होता..."

मला गप्प बसता येतं, त्याचा इतके दिवस सगळ्यांना फायदा झाला होता.

"तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी अन् इंद्रजीत. पाळीपाळीनं जागायचो. झोप अशी नव्हतीच. त्या दुपारी असाच थांबला. मी वाट बघितली. नाडी बघितली... लागली नाय हाताला. हात बधिर झाला होता गं माझा. मी म्हटलं, गेले. नाकातली नळी काढली, ऑक्सिजनचं मशीन बंद केलं. हनुवटी बांधली. सवयीनं केलं सगळं, बेड मोकळा करतात तसं. बाहेर आले, इंद्रजीतला म्हटलं, कळव सगळ्यांना. त्यानं फोन हातात घेतला अन्..."

रेघ पुन्हा चढायला लागली होती. आम्ही दोघी तिच्याकडं बघत होतो.

"आतून आला," सासूबाई म्हणाल्या. "श्वास. दोघांनी ऐकला. मी म्हटलं, आत राहिलेली हवा असते, निघते. तसं असतं पण, मोनिका. शिकवतात आम्हाला. मग दुसरा आला. मग..."

"तुम्ही आत गेला नाहीत?"

"दारात होतो."

"पण आत..."

"लई दमलो होतो गं." त्यांनी हे इतक्या साधेपणानं सांगितलं, जसं कुणी सांगावं की बस चुकली. "मशीन परत लावायचं म्हणजे परत पहिल्यापासून. इंद्रजीत माझ्याकडं बघायला लागला, मी त्याच्याकडं. कुणीच पाय उचलला नाय. पाहुणे यायला लागले तवर बंद झाला होता."

त्यानंतर तो श्वास रोज यायला लागला. दिवसा खोली रिकामी राहिली की दुपारपासून रात्रभर. बाहेर हॉलपर्यंत, झोपायच्या खोलीपर्यंत. कुलूप लावून पाहिलं, रेडिओ लावून पाहिला. कुणी आत जाऊन बसलं तर थांबायचा, पण बसणार कोण? आणि सांगणार कुणाला? सरांच्या घरात असलं काही असतं, हे सरांच्याच विद्यार्थ्यांना सांगायचं? "मग तुझं स्थळ आलं," त्या म्हणाल्या.

पुढचं मला आठवलं. बघायला आले तेव्हा त्यांनी पत्रिका मागितली नाही, सोनं विचारलं नाही. सासूबाईंनी एवढंच विचारलं होतं, "काम घरूनच करते ना? दिवसभर बसून?" माझे वडील खूश झाले. सुधारलेली माणसं आहेत, म्हणाले.

मी उठले आणि चहा टाकला. दुसरं काही सुचलं नाही.

काम सोडून देता आलं असतं. माहेरी निघून जाता आलं असतं. पण तिथं काय सांगणार, की सासरी मला छळत नाहीत, राबवत नाहीत, फक्त एका खोलीत बसवून ठेवतात? मी बसत राहिले. आता मला ती रेघ काय आहे ते माहीत होतं, एवढाच फरक. आणि रोज मधली सपाट जागा आदल्या दिवसापेक्षा जरा लांब वाटायची.

रविवारी इंद्रजीत घरी होता. जेवणानंतर मी विचारलं.

"आईंनी सांगितलंय मला."

त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. वाढवला. परत कमी केला.

"मम्मीचं वय झालंय, मोना. आपल्यात असलं काही नसतं. सर असते तर हसले असते."

"मग चला ना. जरा वेळ बसा माझ्याशेजारी. रेघ बघा."

"आत्ता?"

"आत्ता काय झालं? दुपार आहे."

"गाडी धुवायचीय," तो म्हणाला. आणि जागचा हलला नाही.

मी एकटीच जाऊन बसले. ऊन खिडकीच्या पडद्याच्या कडेनं पट्टीसारखं आत आलं होतं. गिऱ्हाइकाला थीम पाठवायची राहिली होती. पाठवण्याआधी एकदा आराम तपासावा म्हणून सगळं बंद केलं, हात मांडीवर ठेवले आणि लाईट गेली.

इन्व्हर्टर आदल्या रात्रीच उतरलेला होता. कूलर घरघरत थांबला. यूपीएस टीं टीं करायला लागला, तसा मी कॉम्प्युटर बंद केला. कॅबिनेटमधला पंखा थांबला. हॉलमधला टीव्ही गेला. ताट्यावरून एक थेंब पडला, आणि मग तोही नाही. या खोलीत इतके दिवस मी काही ना काही फिरत असतानाच बसले होते. आवाज थांबला नव्हता. तो माझ्या पंख्यांखाली दबला होता.

श्वास माझ्या डाव्या हाताशी होता. टेबलाच्या उंचीवर, पलंगावर उशी असते तितक्या उंचीवर. ओला, खरखरीत, लहान. मग जरा मोठा. वळून बघण्यासारखं तिथं काही नव्हतं, पेनं होती, कागद होते, माझा पाण्याचा पेला होता. मी तरी बघितलं नाही. मान समोर ठेवून बसले, बंद पडद्यात माझाच चेहरा काळा दिसत होता. श्वास मोठा होत गेला, टेबलावरचा कागद हलला. मग कमी कमी होत गेला.

थांबला.

मी वाट पाहिली. भीती होती, नाही कशी, पण तिच्याही वर एक जडपणा होता, हातापायांत, पापण्यांत, लग्नाच्या दिवसापासून साचत आलेला. मला कळलं की मी तो यावा म्हणून वाट पाहत नाहीये. नको येऊस, असं मनात चाललंय. संपू दे बाबा. एकदाचं झोपू दे सगळ्यांना. आणि त्याच क्षणी मला त्या दुपारी दारात उभी राहिलेली ती दोघं पुरती समजली. अजून थोडे दिवस, आणि मीही सवयीनं बेड मोकळा केला असता.

आला. आणि या वेळी त्याच्या मागून दुसरं काहीतरी आलं. कोरड्या टाळूवर जीभ घासल्यासारखं... परत... परत...

त्यानंतर मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. पेला माझ्या हातात होता आणि मी तो हवेत, उशीच्या उंचीवर धरला होता. मग टेबलाची कड भिजली होती, आणि सांडलेलं बाकीचं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत वाहत आलं होतं, पेला कुणीतरी हळूच बाजूला सारावा तसं.

मी उठून दारात गेले. दोघं तिथंच होते, उंबऱ्याच्या बाहेर. इंद्रजीतच्या हातात फोन होता. सासूबाईंनी त्याची बाही धरली होती. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते तरी दोघं माझ्याकडं बघत नव्हते, माझ्या खांद्यावरून आत बघत होते. मी पेला पुढं केला. अर्धा भरलेला होता.

"सर पाणी मागायलेत," मी म्हणाले. "मी पेला लावला की तोंड फिरवायलेत. तुमच्यापैकी कोण आत येतंय?"